तास भरले, गाव राहिलं

राष्ट्रीय सेवा योजनेच्या नियमपुस्तिकेत एका स्वयंसेवकाचा हिशेब स्वच्छ मांडलेला आहे. दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२०. त्यातले २० तास प्रशिक्षणाचे, फार तर ३० महाविद्यालयाच्या आवारातल्या कामाचे आणि उरलेले ७० तास लोकांमध्ये जाऊन करायच्या कामाचे. याखेरीज सात दिवसांचं निवासी शिबिर. शंभर विद्यार्थ्यांच्या एका युनिटचे लोकांत घालवायचे तासच मोजले, तरी वर्षाला ७,००० होतात. आठ तासांची पाळी धरली तर ८७५ मनुष्यदिवस; बोईसरच्या एखाद्या कारखान्यात तीन कामगार वर्षभर राबतात, जवळपास तेवढं मनुष्यबळ. आणि हे एका युनिटचं. पालघर, बोईसर, चिंचणी, डहाणू, जव्हार इथली सगळी महाविद्यालयं धरली, त्यात शाळांची हरित सेना, स्काऊट-गाईड आणि रस्ता सुरक्षा दल मिळवलं, तर जिल्ह्यातल्या कुठल्याही स्वयंसेवी संस्थेला हेवा वाटावा एवढी माणसं हाताशी आहेत. मग या एवढ्या तासांतून गावात काय उभं राहिलं, असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा कार्यक्रमांच्या नावांनी मिळतं: वृक्षारोपण, किनारा स्वच्छता, प्रभातफेरी, पथनाट्य, रक्तदान. गावाचं नाव त्या यादीत शोधावं लागतं. विद्यार्थ्यांच्या तोंडी एक शब्दप्रयोग रुळलेला आहे, ‘तास भरले का?’ तो त्यांच्या आळसाचा पुरावा मानू नये. आपण त्यांना जे मोजायला शिकवलं तेच ते मोजतात. सेवेची मोजदाद तासांत होते तोवर तासच मिळणार, आणि पालघरसारख्या जिल्ह्यात त्याची किंमत इतर ठिकाणांपेक्षा जास्त पडते, असं माझं म्हणणं आहे.

हे असं का झालं ते समजायला योजनेच्या जन्माआधीचा वाद पाहावा लागतो. राधाकृष्णन आयोगाने स्वातंत्र्यानंतर लगेचच विद्यार्थ्यांच्या समाजसेवेची शिफारस केली, पण ती ऐच्छिक असावी असं म्हटलं. १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवेवर समिती बसली. रोह्याच्या परिसरात वाढलेल्या, रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर आणि देशाचा अर्थमंत्री राहिलेल्या या माणसाने मध्यम मार्ग काढला नाही. शालेय शिक्षण संपवून विद्यापीठात जाणाऱ्यांनी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने सेवा करावी, असा प्रस्ताव समितीने मांडला. तो खर्चाच्या आणि विरोधाच्या ओझ्याखाली बाजूला पडला. मग के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या योजनांचा अभ्यास करून पुन्हा ऐच्छिकतेच्या बाजूने कौल दिला. कोठारी आयोगाने (१९६४ ते ६६, सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक) शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवा जोडायला सांगितलं. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह योजना सुरू केली. त्यानंतर महिन्याभराच्या सुमारास तारापूरच्या अणुवीज केंद्रातून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. एकाच शरद ऋतूतल्या या दोन घटना आहेत. वीस वर्षांच्या त्या चर्चेत सक्ती की इच्छा या प्रश्नावर भरपूर शाई खर्च झाली. विद्यार्थी त्याच गावात पुन्हा जाईल की दर वर्षी नव्या गावात, हा प्रश्न त्या मानाने कडेलाच राहिला. पुढे नियमांत दत्तक गावाची कल्पना आली खरी, पण विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रावर तासांचा आकडा लागतो, गावाचा लागत नाही.

इथे पहिला आक्षेप ठरलेला असतो: सगळा बिघाड गुणांनी केला. मुंबई विद्यापीठात सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला सवलतीचे दहा गुण मिळत आले, आणि आता नव्या शैक्षणिक धोरणाने सहअभ्यासक्रमाला थेट श्रेयांक दिले. गुणांसाठी केलेल्या कामाला सेवा म्हणावं का, असं जुनी सेवादलवाली मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण त्यावर बाहेरच्या जगात अभ्यास झालेले आहेत आणि ते एका बाजूला झुकत नाहीत. अमेरिकेत स्टुकस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की ज्यांना मुळातच सेवेची ओढ नाही त्यांच्यावर सक्ती केली, तर पुढे स्वतःहून काम करण्याचा त्यांचा मानस आणखी कमी होतो. मेट्झ आणि युनिस यांना मॅसॅच्युसेट्सच्या एका शाळेत उलट चित्र दिसलं. ४० तासांच्या अटीमुळे नेमक्या अनुत्सुक मुलांमध्येच सार्वजनिक कामाची आवड वाढली. सगळ्यात बोलका दाखला कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातला. तिथे १९९९ पासून शाळा संपवायला ४० तासांची सेवा बंधनकारक झाली. तेराव्या वर्षाचा अभ्यासक्रम रद्द झाल्याने २००३ मध्ये दोन तुकड्या एकदम बाहेर पडल्या, एकीला अट होती, दुसरीला नव्हती. दोन्हींची तुलना करणाऱ्या संशोधकांना सक्ती असण्या-नसण्याने फारसा फरक पडलेला दिसला नाही. फरक दिसला तो एकाच ठिकाणी दीर्घकाळ काम केलेल्यांत. ते पुढेही सार्वजनिक जीवनात जास्त गुंतलेले आढळले. म्हणून गुणांवर खापर फोडणं मला सोपी पळवाट वाटते. कॉलेज न पाहिलेल्या घरातल्या, तीन जागांसाठी तीनशे अर्ज पडतात अशा नोकऱ्यांकडे डोळे लावून बसलेल्या मुलाने दहा गुणांचा मोह सोडावा, ही अपेक्षा त्याच्यापेक्षा ती करणाऱ्याच्या सुखवस्तूपणाविषयी जास्त सांगते. गुण द्यावेत. फक्त ते कशाबद्दल द्यायचे हे बदलावं.

आता जिल्ह्याकडे येऊ. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा राज्याचा ३६ वा जिल्हा. आठ तालुके, जवळपास ३७ टक्के लोकसंख्या आदिवासी, एका अंगाला समुद्र आणि औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला जव्हार-मोखाड्याचा डोंगर. किनारपट्टीच्या महाविद्यालयांना शिबिरासाठी साहजिकच डोंगरातले पाडे दिसतात, आणि शिबिरं लागतात ती पहिल्या सत्राच्या परीक्षा उरकल्यावर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. पण या भागाचं खरं वर्ष विद्यापीठाच्या वेळापत्रकाने चालत नाही. भात घरात आलं, दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडची कुटुंबं उचल घेऊन वसई, भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. पोरंबाळं बरोबर जातात. परततात ती शिमग्याला किंवा त्याही पुढे, पावसाच्या तोंडावर. म्हणजे आरोग्य जागृतीचं पथनाट्य घेऊन शिबिर पाड्यावर पोचतं तेव्हा ज्यांच्यासाठी ते बसवलं त्यांतले पुष्कळ जण त्याच किनारपट्टीवर, कदाचित महाविद्यालयापासून तासाभराच्या अंतरावर, विटा थापत असतात. १९९२ च्या पावसाळ्यात वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी जव्हारचं नाव देशभर गेलं. त्यानंतर कुपोषणावर जेवढं लिहिलं गेलं त्यात स्थलांतराचा उल्लेख आला नाही असा लेख सापडणं कठीण. ही माहिती गुप्त नाही. वेळापत्रक ठरवणाऱ्यापर्यंत ती पोचत नाही, एवढंच.

वनराई बंधाऱ्याचंही तेच. मोहन धारियांच्या ‘वनराई’ने लोकप्रिय केलेला हा बंधारा विद्यार्थ्यांच्या श्रमदानासाठी जणू मुद्दाम शोधलेला वाटावा इतका सोयीचा आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने भरायच्या, तोंडं शिवायची, ओढ्याच्या आडव्या एकावर एक सांधे चुकवत रचायच्या. कुशल मजूर नको, यंत्र नको. अडलेलं पाणी आसपासच्या विहिरींना पाझरतं, गुरांना पुरतं, वालाला आणि भाजीपाल्याला एखादं पाणी मिळतं. विक्रमगड-जव्हारकडे मोगऱ्याची लागवड करणाऱ्यांना तेही मोलाचं. मात्र दोन अटी आहेत. ओढ्याला धार असतानाच तो बांधावा लागतो, आणि पुढच्या पावसात तो वाहून जात असल्याने दर वर्षी नव्याने बांधावा लागतो. या जिल्ह्यात पाऊस सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण उताराच्या कातळावर तो थांबत नाही. दिवाळीनंतर धार झपाट्याने आटते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रचलेला बंधारा म्हणजे पुष्कळदा ओल्या वाळूवर रचलेल्या गोण्या. छायाचित्रात तो छान दिसतो. खरं तर शिबिरात जमा होणाऱ्या तासांची इथे गरजच नाही. वर्षभराच्या ७० तासांतले ऑक्टोबरचे दोन-तीन रविवार पुरतात. यावर कार्यक्रम अधिकारी म्हणतील की ऑक्टोबरात भातकापणी असते, गावात कुणाला सवड नसते आणि आमचीच निम्मी मुलं घरच्या खाचरात असतात. अगदी खरं आहे. पण कापणी कुठल्या पाड्यावर कधी उरकते हे त्या मुलांइतकं नेमकं दुसरं कोण सांगणार? त्यांना तारीख ठरवताना विचारलं जात नाही, तारीख ठरल्यावर सही करायला सांगितलं जातं.

या जिल्ह्याला याहून वेगळी रीत नवी आहे असंही नाही. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. भावनगर-मुंबईतल्या मध्यमवर्गीय मुलांसाठी घडलेली बालशिक्षणाची पद्धत त्यांनी वारली पाड्यावर आणली, आणि ती जशीच्या तशी चालत नाही हे लवकरच लक्षात आल्यावर बदलली. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची. मोठी मुलं गुरांमागे जातात तर शाळा कुरणात भरवायची. माँटेसोरीची महागडी साधनं परवडत नाहीत तर बिया, शंख, पानं, काड्या चालवायच्या. १९७५ पासून सरकारने देशभर चालवलेल्या अंगणवाडीचं बीज इथलं. अनुताई १९९२ मध्ये गेल्या त्या कोसबाडलाच. यावर कुणी म्हणेल, त्या आयुष्य वाहिलेल्या बायका होत्या, वीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडून ती अपेक्षा कशी करायची? करूच नये. विद्यार्थी दोन वर्षांत जाणार हे गृहीतच आहे. पण युनिट जात नाही, महाविद्यालय जात नाही. पालघरचं सोनोपंत दांडेकर महाविद्यालय १९६८ पासून उभं आहे, चिंचणीच्या शिक्षणसंस्थेचा पसारा जुना आहे. एका पाड्याशी, एका खाडीशी, एका अंगणवाडीशी दहा वर्षं बांधून घेणं संस्थेला जमू शकतं. गेलेल्या तुकडीने येणाऱ्या तुकडीच्या हाती एक वही ठेवायची एवढीच तजवीज लागते. कोणत्या घरात सिकलसेलची तपासणी राहिली, कोणत्या विहिरीचं पाणी मार्चमध्ये तळाला गेलं, मागच्या वर्षी लावलेल्या शंभर रोपांतली किती जगली. दर वर्षी किती लावली याचा आकडा सगळ्यांकडे असतो. हा शेवटचा आकडा ज्याच्याकडे असेल त्या युनिटला मी दहाच्या जागी वीस गुण देईन.

बोईसर-तारापूरकडे वळलं की प्रश्न अधिक अवघड होतो. तारापूर नावाची औद्योगिक वसाहत प्रत्यक्षात बोईसरला लागून आहे. मूळ तारापूर गाव चिंचणीच्या खाडीपलीकडे किल्ल्याशेजारी आपलं वेगळं आयुष्य जगतं. वसाहतीत रसायनं, औषधं, कापड, पोलाद सगळं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये औद्योगिक पट्ट्यांचा जो सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला त्यात देशात सगळ्यात वर तारापूर होतं. नवापूर, दांडी, मुरबे, सातपाटी या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचं गाऱ्हाणं त्याहून जुनं, आणि अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने ते राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत नेलं. या पार्श्वभूमीवर दर सप्टेंबरात किनाऱ्यावर हातमोजे घालून प्लॅस्टिकच्या पिशव्या वेचणारे विद्यार्थी पाहिले की टीकाकार विचारतात: घाण करणारे वेगळे, उचलणारी ही पोरं, मग ही सेवा की सारवासारव? दुसऱ्या टोकाचे म्हणतात: मुलांनी झाडू मारावा, प्रश्न विचारले की ते राजकारण होतं, आणि वसाहतीत तर अर्ध्या मुलांचे वडील कामाला आहेत. मला दोघांचंही अर्धंच पटतं. किनारा झाडणं वाईट नाही. दर वर्षी त्याच किनाऱ्यावर तेच करूनही काय सापडलं याची नोंद नसणं वाईट. मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे किती, घरगुती प्लॅस्टिक किती, कारखान्याच्या गोण्या किती, हे दहा वर्षं लिहून ठेवलं तर त्यातून घोषणा न देताही बरंच काही सिद्ध होतं. खाडीच्या पाण्याचा सामू आणि रंग दर पंधरवड्याला ठरावीक वेळी, ठरावीक जागी नोंदवणं बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सहज जमतं. त्यासाठी लागणारी साधनं शाळेच्या प्रयोगशाळेत असतात. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानुसार न्यायालयात पुरावा म्हणून चालतो तो मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुना, मुलांची वही नव्हे. हे मान्य करून सांगतो की वहीचं काम न्यायनिवाड्याचं नाहीच. ग्रामसभेत तोंडी तक्रारीला ‘तुम्हाला तसं वाटतं’ असं उत्तर देता येतं, तारीखवार नोंदीला ते देणं जड जातं. जानेवारी २०२० मध्ये वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात स्फोट होऊन आठ जण गेले. अशा वेळी वारा कुठल्या दिशेला आहे, कुठे जायचं, ओलं फडकं का धरायचं हे भोवतालच्या चाळींत भोजपुरी, ओडिया, हिंदीत समजावून सांगेल असं कोण आहे? बोईसरच्या वर्गांत या भाषा बोलणारी मुलं बाकाबाकावर बसलेली असतात.

इथे सगळ्यात गंभीर आक्षेप येतो, आणि तो मी शेवटपर्यंत पूर्ण खोडू शकत नाही. सेवा ही भरल्या पोटीची गोष्ट आहे. एप्रिल २०१३ पासून चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत आली, पण तिच्या फेऱ्या मोजक्या. एक गाडी चुकली की विद्यार्थ्याचे तास फलाटावर जातात. कितीतरी मुलं दुपारी वर्ग आणि रात्री पाळी असं शिकतात. मुलींना घरून निवासी शिबिराची परवानगी मिळत नाही. आश्रमशाळेतून आलेल्या मुलाला दुसऱ्याच्या पाड्यावर कुदळ मारायला नेणं, तेही त्याच्या स्वतःच्या पाड्यासारख्याच पाड्यावर, यात काहीतरी विचित्र आहे. तो सेवा करणारा की सेवा घेणारा? हे खोटं नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘म्हणून त्यांना सोडून द्या’ हा नसावा. सोडलं तर योजना पुन्हा सवड असलेल्यांचीच होते. वारली बोलणारा विद्यार्थी अंगणवाडीत एक तास बसला, तर प्रमाण मराठी बोलणाऱ्या दहा स्वयंसेवकांना जमणार नाही ते त्याला जमतं. मांगेली बोलणारी मुलगी मच्छीमार बाईच्या सरकारी अर्जात काय अडलं ते ओट्यावर बसल्या बसल्या काढून घेते. आज नियमात या तासाची आणि वर्गातला फळा रंगवण्याच्या तासाची किंमत एक आहे. शनिवारी स्वतःच्या गावात केलेलं काम ग्राह्य धरलं, शिबिराला पर्याय म्हणून सलग सात रविवार चालवून घेतले, तर रात्रपाळीवाला मुलगा आणि परवानगी नसलेली मुलगी दोघं आत येतात. तरीही काही मुलं बाहेर राहतील. त्यांना सेवेअभावी कमी लेखलं जाऊ नये.

शाळांबद्दल थोडंच लिहितो, कारण तिथे हुकूम वरून येतात आणि मुख्याध्यापकांच्या हातात फार उरत नाही. एक दिवस मात्र पूर्णपणे इथला आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र महादेव चुरी, रामप्रसाद भीमाशंकर तिवारी आणि सुकूर गोविंद मोरे हे पाच जण हुतात्मा झाले. दर वर्षी त्या दिवशी हुतात्मा चौकात लोक जमतात, मानवंदना होते. या पाचांची गावं सातपाटी, नांदगाव, मुरबे, पालघर आणि सालवड. म्हणजे आज ज्या किनाऱ्याला आणि वसाहतीच्या ज्या कुंपणाला पाण्याचा आणि हवेचा प्रश्न आहे, तिथलीच ती माणसं. नववीच्या वर्गाने भाषणस्पर्धेऐवजी मोर्चा कुठल्या वाटेने आला, कोणत्या घरांतून भाकऱ्या बांधून दिल्या गेल्या, याची माहिती या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांकडून दर वर्षी गोळा करायला हवी होती. साक्षीदारांची पिढी आता सरली. नातवंडं आहेत, तेवढ्यावर अजूनही काम होईल.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा शासननिर्णय लागत नाही. दत्तक गाव नियमात आहेच, तास आहेत, मुलं आहेत, आणि कार्यक्रम अधिकारी बहुतेक ठिकाणी शिकवण्याचा भार सांभाळून हे करणारे प्रामाणिक प्राध्यापक आहेत. म्हणून पालघर जिल्ह्यातल्या प्राचार्यांना एवढीच विनंती: या दिवाळीनंतर शिबिराचा आठवडा कॅलेंडरवर नक्की करण्याआधी त्या गावच्या ग्रामपंचायतीत एक फोन करा, आणि गावात माणसं कधी असतात ते विचारा.